दोन केबी रॅममध्ये न लटकणारा प्रोग्रॅम कसा लिहायचा

आमच्या काकांच्या विहिरीवर मी एक डबा बसवला होता. डबा म्हणजे मोटरच्या स्टार्टरला लावतात तो ऑटो, फक्त बाजारातून न आणता घरी बनवलेला, आत आर्डुइनो उनो (प्रोग्रॅम टाकता येणारा छोटा बोर्ड), दोन रिले (चिपने चालू-बंद होणारे स्विच) आणि पाण्याची लेव्हल बघायला दोन सेन्सर, बस. काम पण साधंच, थ्री फेज लाइट आली की एक मिनिट थांबायचं, मग मोटर चालू करायची, विहिरीतलं पाणी खाली गेलं की बंद करायची. घरी टेबलावर आठ दिवस चालवून बघितला, झकास चालला. शेतावर बसवला आणि पहिल्याच रात्री काकांचा फोन, "आरं, लाइट येऊन दोन तास झालं, तुजा डबा गप बसलाय की."

कारण सापडलं तेव्हा कपाळावर हात मारून घेतला. टेबलावर टेस्ट करताना दरवेळी एक मिनिट कोण थांबणार, म्हणून मी डिले(५ * १०००) लिहिलं होतं, म्हणजे पाच हजार मिलिसेकंद थांब, पाच सेकंद. निघता निघता ५ चे ६० केले, चिपमध्ये टाकलं आणि गाडीला किक मारली. आता उनोवरची एटीमेगा३२८पी ही आठ बिटची चिप, तिच्यावर साधा इंट, म्हणजे पूर्णांकाचा टाइप, सोळा बिटचा असतो, त्यात जास्तीत जास्त ३२७६७ मावतं. ६० गुणिले १००० झाले ६००००, ते मावत नाहीत, उलटून वजा ५५३६ होतात. डिलेला हवा असतो बत्तीस बिटचा बिनचिन्हाचा आकडा, मग त्या वजा ५५३६ चे होतात ४२९४९६१७६० मिलिसेकंद. भागाकार करून बघा, ४९ दिवस आणि वर सतरा तास. डबा बिघडला नव्हता हो, सांगितल्याप्रमाणे इमानदारीत वाट बघत बसला होता.

त्यानंतर मी असल्या छोट्या चिपसाठी कोड लिहायची पद्धतच बदलली. हिशोब एवढाच की लॅपटॉप मांडीवर असताना चूक सापडली तर दोन मिनिटांचं काम, विहिरीवर सापडली तर पेट्रोल, रात्र आणि काकांच्या शिव्या. म्हणून जे कंपायलरला (आपला कोड चिपच्या भाषेत बदलणाऱ्या प्रोग्रॅमला) पकडता येईल ते त्याच्या गळ्यात घालायचं, जे त्याला जमत नाही ते चिपने स्वतः पकडायचं, आणि तरीही निसटलं तर निदान फोनवर कळलं पाहिजे की नक्की काय झालं. खाली सगळं त्याच क्रमाने आहे. कोड मी बोलतो तसाच लिहिलाय, कॉपी पेस्ट करायला नाही, समजून घ्यायला.

आधी कंपायलरला बोलू द्या

माझी चूक कंपायलरला दिसत होती, ही खरी गंमत. जीसीसी, म्हणजे आर्डुइनोचा कंपायलर, अशा ठिकाणी चक्क सांगतो की इथे इंटिजर ओव्हरफ्लो होतोय. पण आर्डुइनोच्या आयडीईत (ज्यात कोड लिहितो ते सॉफ्टवेअर) प्रेफरन्सेसमध्ये जाऊन बघा, कंपायलर वॉर्निंग्ज मुळात 'नन'वर असतात, म्हणजे तो ओरडतोय आणि आपण त्याच्या तोंडावर हात ठेवलाय. ते 'ऑल' करा, आत्ताच, पुढचं नंतर वाचा. पहिल्यांदा चालू केलं की लायब्रऱ्यांमधून शंभर वॉर्निंग येतील, त्याने घाबरू नका, आपल्या स्वतःच्या फाइलींमध्ये मात्र शून्य पाहिजे, एकही नाही, "ही काय महत्त्वाची नाही" म्हणून सोडलेली पण नाही. कारण दहा सोडल्या की अकरावी खरी असली तरी दिसत नाही.

मग इंट लिहायचं बंद करा. यूइंट८_टी, इंट१६_टी, यूइंट३२_टी असे मापाचे टाइप वापरा म्हणजे लिहितानाच आपल्याला विचार करावा लागतो की यात किती मावणार. आणि गुणाकारात निदान एक आकडा तरी मोठ्या टाइपचा ठेवा, ६० च्या मागे यूएल (बत्तीस बिटचा बिनचिन्हाचा अशी खूण) लावलं असतं तर माझी रात्र वाचली असती. इथे बरेच जण फसतात, डावीकडे मोठा टाइप आहे म्हणून गणित मोठ्यात होत नाही, उजवीकडचं गणित आधी आपल्या लहान मापात होतं आणि मग ते बिघडलेलं उत्तर मोठ्या डब्यात ओतलं जातं. मापाची चूक काही आपल्यासारखे हौशीच करतात असं पण नाही, ४ जून १९९६ ला एरियान ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात चाळीसेक सेकंदांत फुटलं ते ६४ बिटचा फ्लोट (दशांश आकडा) १६ बिटच्या इंटिजरमध्ये कोंबल्यामुळे, आणि तो कोड एडा भाषेत होता, चांगल्या कडक भाषेत. एरियान ४ वर तोच कोड नीट चालला होता, कारण तिथे तो आकडा तेवढा मोठा होतच नव्हता.

आता टाइपचा मला सगळ्यात आवडणारा उपयोग. सेन्सरकडून आलेलं रीडिंग ० ते १०२३ मध्ये असतं, त्यावरून काढलेले मिलिव्होल्ट वेगळे, आणि दोन्ही यूइंट१६_टी. मी एकदा लो व्होल्टेजच्या तपासणीला मिलिव्होल्टच्या जागी कच्चं रीडिंग दिलं, कंपायलर हूं का चूं नाही, त्याच्या दृष्टीने आकडा तो आकडा. यावर उपाय म्हणजे प्रत्येक मापाला त्याचा स्वतःचा स्ट्रक्ट, म्हणजे आपण बनवलेला नवा टाइप, करायचा, आत एकच आकडा. स्ट्रक्ट मिलिव्होल्ट, स्ट्रक्ट कच्चंरीडिंग. फंक्शनने मिलिव्होल्ट मागितला आणि तुम्ही कच्चं रीडिंग दिलंत की कंपाइलच होत नाही. लोकांना वाटतं की याला जास्त मेमरी लागेल, नाही लागत, एका आकड्याचा स्ट्रक्ट त्या आकड्याएवढाच असतो, ऑप्टिमायझेशन चालू असलं की तयार होणारा कोडही बहुतेक तोच. फुकटचा पहारेकरी आहे हा. १९९९ साली नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर असंच गेलं, एका बाजूला पाउंडात आकडे आणि दुसऱ्या बाजूला न्यूटनचे समजून वापरले.

असाच अजून एक फुकट पहारेकरी म्हणजे स्टेट मशीनला (डबा आत्ता कुठल्या अवस्थेत आहे ते) एनम, म्हणजे ठरावीक नावांची यादी, वापरणं आणि स्विचमध्ये, म्हणजे अवस्थेप्रमाणे काम निवडणाऱ्या कोडमध्ये, डिफॉल्ट (बाकी सगळ्यांसाठीची शाखा) न लिहिणं. आमच्या डब्याच्या अवस्था चार, बंद, वाटबघतोय, चालू, कोरडी. नंतर मी पाचवी घातली, लोव्होल्टेज. स्विचमध्ये डिफॉल्ट असता तर पाचवी अवस्था गुपचूप त्यात गेली असती, नव्हता म्हणून कंपायलरने तीन ठिकाणी बोट ठेवून सांगितलं की इथे नवीन अवस्था हाताळलेली नाही. कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की डिफॉल्ट नेहमी लिहायचा, मला ते एनमच्या बाबतीत पटत नाही. अवस्थेत कचरा आला तर काय, अशी भीती असेल तर स्विचच्या आधी वेगळी तपासणी टाका.

आणि स्टॅटिक असर्ट, म्हणजे कंपाइल करतानाच अट तपासणारी ओळ. हा चिपवर एक बाइट पण खात नाही, सगळा कंपाइल करतानाच संपतो. बफर (तात्पुरती साठवणीची जागा) रेकॉर्डपेक्षा लहान आहे का, थांबायचा वेळ वॉचडॉगच्या (लटकलेली चिप रीसेट करणारा टायमर, पुढे येतोच) वेळेपेक्षा कमी आहे का, असल्या गोष्टी आपण मनात गृहीत धरतो आणि सहा महिन्यांनी एक आकडा बदलून विसरतो. त्या मनातून काढून स्टॅटिक असर्टमध्ये लिहायच्या.

रॅमचा हिशोब

एटीमेगा३२८पी मध्ये फ्लॅश (प्रोग्रॅम ठेवायची जागा) ३२ केबी, रॅम (चालू आकड्यांची) २ केबी, ईईप्रॉम (लाइट गेली तरी टिकणारी) १ केबी. दोन केबी म्हणजे २०४८ बाइट, त्यात सिरीयलचे येणारा आणि जाणारा असे ६४-६४ बाइटचे बफर आधीच जागा धरून बसलेले. शिवाय सिरीयल.प्रिंट मध्ये लिहिलेलं प्रत्येक वाक्य पण रॅममध्ये येऊन बसतं, कॉन्स्ट लिहिलं तरीसुद्धा, कारण या चिपमध्ये फ्लॅश आणि रॅम यांचे पत्ते वेगळे आहेत. वाक्याभोवती एफ मॅक्रो लावला की ते फ्लॅशमध्येच राहतं, तक्ते असतील तर प्रॉगमेम. जीएसएम मोड्यूल लावून मराठीत एसएमएस पाठवायची हौस असेल तर लक्षात ठेवा, यूटीएफ-८ मध्ये आपल्या लिपीतल्या एकेका चिन्हाला तीन बाइट लागतात, 'मोटर' या शब्दाचे म, ओकार, ट, र मिळून १२ बाइट. वर एसएमएस पण १६० चा न राहता ७० अक्षरांवर येतो. मी शेवटी "मोटर चालू"वर समाधान मानलं.

मॅलॉक (चालू असताना मेमरी मागणारं फंक्शन) वापरायचा नाही, आणि आर्डुइनोची ती मोठ्या एस वाली स्ट्रिंग पण नाही, कारण ती आतून तेच करते. कारण विचाराल तर एसटीचं उदाहरण बघा. गाडीत चार सीट रिकाम्या आहेत पण एक पुढे, एक मागे, दोन मध्ये वेगवेगळ्या बाकांवर, आणि तुम्ही चौघं म्हणताय की आम्हाला एकाच रांगेत बसायचंय. कंडक्टर म्हणणार जागा नाही. रिकाम्या सीट मोजल्या तर आहेत, पण सलग नाहीत. स्ट्रिंगला दर मिनिटाला लहानमोठी जागा लागते, सोडते, परत लागते, आणि आठवड्याभराने हीपची, म्हणजे अशी मागून घ्यायच्या मेमरीची, हीच अवस्था होते. टेबलावर तासभर चालवून हे कधीच दिसणार नाही, म्हणून तर ते वाईट. त्यापेक्षा सुरुवातीलाच लिहायचं कॅर मेसेज[३२], आयुष्यभर तेवढीच जागा, आणि त्यात लिहायला एसएनप्रिंटएफ, ज्याला बफरची लांबी द्यावी लागते. साधा एसप्रिंटएफ जागा संपली तरी लिहीत जातो, शेजारच्या व्हेरिएबलवर.

स्टॅक म्हणजे फंक्शनांच्या तात्पुरत्या व्हेरिएबलची जागा, त्याचं दुखणं वेगळंच. ग्लोबल व्हेरिएबल रॅमच्या खालच्या टोकाला, स्टॅक वरच्या टोकाकडून खाली येतो, आणि मध्ये भिंत नाही. मोठ्या प्रोसेसरमध्ये निदान क्रॅश होतो, इथे काहीच होत नाही, स्टॅक येऊन तुमच्या व्हेरिएबलवर बसतो आणि पाण्याची लेव्हल अचानक ४०००० दिसायला लागते. कंपाइल झाल्यावर आयडीई सांगतो ना की ग्लोबल व्हेरिएबलनी इतके टक्के घेतले आणि लोकल साठी इतके बाइट उरले, तो उरलेला आकडा स्टॅकचा. किती खरंच वापरला जातो ते बघायची जुनी युक्ती अशी की सुरुवातीलाच सगळी मोकळी रॅम एका ठरावीक खुणेने भरायची, समजा प्रत्येक बाइटमध्ये हेक्स सी५, डबा दोन दिवस चालू द्यायचा आणि मग मोजायचं की किती बाइटमध्ये खूण अजून शाबूत आहे. गावाकडे पुराची पातळी भिंतीवरच्या ओलीवरून सांगतात तसंच. माझ्याकडे २०० च्या खाली गेलं की मी काहीतरी कापतो.

रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं) नाही, आणि प्रत्येक लूपला वरची मर्यादा. नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबमधल्या जेरार्ड होल्झमन यांनी २००६ मध्ये अशा कोडसाठी दहा नियम मांडले होते, त्यात हे दोन्ही आहेत, सुरुवात झाल्यावर मेमरी न मागणं आहे, आणि फंक्शन साठेक ओळींच्या आत म्हणजे एका पानावर मावणारं पाहिजे हे पण आहे. दहाही मला जमत नाहीत. पण लूपच्या मर्यादेवर मी अडून बसतो, "सेन्सर तयार होईपर्यंत थांब" असं व्हाइल लिहिलं आणि उंदराने सेन्सरची वायर कुरतडली की तो व्हाइल कायमचा. तिथे एक मोजणी ठेवायची, हजार वेळा विचारलं, नाही आला, सेन्सर मेला असं धरून पुढे जायचं.

घड्याळ उलटतं तेव्हा

डिले तर मी आता वापरतच नाही, मिलिस, म्हणजे चिप सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद, वापरतो. पण मिलिस पण बत्तीस बिटचा, ४९.७ दिवसांनी परत शून्यावर येतो. आमच्याकडे लाइट सलग ४९ दिवस राहिली तर आम्ही पेढे वाटू, त्यामुळे पहिल्या डब्याला ही काळजी नव्हती, पण नंतर बॅटरी लावली आणि डबा कधी बंदच होईना, मग आली.

लहान घड्याळावर करून बघू म्हणजे नीट समजेल. समजा घड्याळ आठ बिटचं आहे, ० ते २५५. आत्ता वाजलेत २५० आणि आपल्याला १० थांबायचंय. चुकीची पद्धत म्हणजे "संपायची वेळ = २५० + १०" लिहिणं, ते २६० होतं, मावत नाही, ४ होतं. मग "आत्ता ४ पेक्षा मोठं आहे का", २५० तर आहेच, म्हणजे एक क्षणही न थांबता वेळ संपली. बरोबर पद्धत म्हणजे सुरुवात लक्षात ठेवायची आणि वजाबाकी करायची, "आत्ता वजा सुरुवात हे १० किंवा जास्त आहे का". घड्याळ उलटून ४ वर आलं की ४ वजा २५० म्हणजे वजा २४६, आठ बिटमध्ये त्यात २५६ मिळवा, १०. बरोबर तेव्हाच संपली. बिनचिन्हाच्या वजाबाकीला घड्याळ उलटल्याचं काही वाटत नाही. फक्त एक मेख, सी मध्ये इंटपेक्षा लहान टाइप गणिताच्या वेळी आपोआप इंट होतात, त्यामुळे आठ बिटवर ही वजाबाकी खरंच वजा २४६ च राहते जोपर्यंत तुम्ही उत्तर परत यूइंट८_टी मध्ये कास्ट करत नाही. मिलिसला अनसाइन्ड लाँग वापरलात तर हा त्रास नाही.

याच्यासाठी दीड महिना थांबून टेस्ट करायची गरज नाही. लिनक्स कर्नेलमध्ये छान युक्ती आहे, तिथला जिफीज नावाचा काउंटर शून्यापासून सुरूच करत नाहीत, असा सुरू करतात की बूट झाल्यावर पाच मिनिटांत तो उलटतो, म्हणजे ज्याचा कोड चुकलाय तो पाच मिनिटांतच रडायला लागतो. आपण पण मिलिसच्या भोवती आपलं एक फंक्शन लिहायचं आणि त्यात तेवढा आकडा मिळवून द्यायचा, झालं. हे सगळं फार लांबचं वाटत असेल तर २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक एफएएने बोइंग ७८७ बद्दल काढलेला आदेश बघा, २४८ दिवस सलग चालू राहिलं तर विमानाचे जनरेटर कंट्रोल युनिट बंद पडू शकतात म्हणून मध्येच पॉवर बंद करून चालू करा असा. सेकंदाचे शंभर भाग करून मोजलं तर ३१ बिट २४८ दिवसांतच भरतात, गणित जुळतं.

इंटरप्टमधला चोरटा

फ्लो मीटर लावला की प्रत्येक पल्सला इंटरप्ट येतो (चिप हातातलं काम मध्येच थांबवून एक छोटं फंक्शन चालवते) आणि मोजणी एकने वाढते. सगळे सांगतात की व्हेरिएबलला व्होलाटाइल लावा. लावायचंच, पण त्याने अर्धंच काम होतं. व्होलाटाइल फक्त एवढं सांगतो की दरवेळी मेमरीतून वाच, एका दमात वाच असं नाही सांगत. आठ बिटची चिप सोळा बिटचा आकडा दोन घासांत वाचते. मोजणी २५५ असताना तिने खालचा बाइट वाचला, तो २५५. तेवढ्यात पल्स आला, मोजणी झाली २५६, म्हणजे खालचा बाइट ० आणि वरचा १. परत येऊन तिने वरचा वाचला, १. दोन्ही जोडले, ५११. विहिरीतून अचानक दुप्पट पाणी आलं. हे हजारात एकदा होणार, आणि तुम्ही सेन्सर बदलत बसणार.

उपाय साधा, क्षणभर इंटरप्ट बंद करून आकडा लोकल व्हेरिएबलमध्ये कॉपी करायचा, परत चालू करायचे, आणि पुढचं सगळं गणित कॉपीवर. एव्हीआरच्या (उनोच्या चिपचं घराणं) लायब्ररीत त्याला ॲटॉमिक ब्लॉक असा तयार मॅक्रो आहे, तो बरा, कारण फंक्शनमधून मध्येच रिटर्न झालो तरी इंटरप्ट आधी होते तसे करून देतो.

पण हे आपल्या लक्षात राहण्यावर आहे आणि तिथेच गोची होते. वायरलेस सेन्सरसाठी बनवलेल्या टायनीओएस या सिस्टिमची नेससी नावाची भाषा २००३ च्या आसपास आली, ती सी सारखीच, पण ॲटॉमिक हा शब्द भाषेतच आहे, मेमरी मागायची सोय नाही, आणि सगळा प्रोग्रॅम एकत्र बघून कंपायलर सांगतो की हे व्हेरिएबल इंटरप्टमधून पण वापरलं जातंय आणि तुम्ही ते ॲटॉमिकमध्ये घातलेलं नाही. तेव्हाच्या मायका२ मोटवर (छोट्या वायरलेस सेन्सर बोर्डावर) रॅम होती ४ केबी, म्हणजे आपल्या उनोच्या फक्त दुप्पट. आज हेच काम रस्ट ही भाषा करते, इंटरप्ट आणि मुख्य लूप यांच्यात व्हेरिएबल असंच उघडं वाटून घ्यायला गेलात तर ती कंपाइलच करत नाही.

मग रस्टच वापरू का, असं प्रत्येक वेळी कोणीतरी विचारतं. एआरएम कॉर्टेक्स-एम चिप असेल, आणि शिकायला महिना दोन महिने असतील, तर जरूर, २०१८ च्या शेवटी १.३१ आवृत्तीपासून ते स्टेबल कंपायलरवर चालतं, ॲरेच्या बाहेर गेलात तर शेजाऱ्याची मेमरी न बिघडवता तिथेच थांबतं, आणि घड्याळासारखी उलटणारी वजाबाकी मुद्दाम रॅपिंग_सब असं लिहून सांगता येते. उनोवर मात्र मी अजून सी++ च वापरतो, व्हर्च्युअल, एक्सेप्शन, न्यू वगैरे सोडून. मायक्रोपायथनला निदान २५६ केबी फ्लॅश आणि १६ केबी रॅम पाहिजे, तेव्हा उनोवर तो प्रश्नच नाही.

वॉचडॉग आणि रिले

वॉचडॉग म्हणजे चिपमधला एक राखणदार, ठरलेल्या वेळेत त्याला थोपटलं नाही तर तो चिप रीसेट करतो. एटीमेगा३२८पी वर जास्तीत जास्त ८ सेकंद मिळतात. हा लावलेले प्रोजेक्ट मी खूप बघितलेत आणि निम्म्यांत तो टायमरच्या इंटरप्टमधून थोपटलेला असतो. मग काय उपयोग, मुख्य लूप लटकला तरी इंटरप्ट चालूच असतो, राखणदार खूश, डबा मेलेला. थोपटायचं एकाच ठिकाणी, मुख्य लूपच्या शेवटी, आणि ते पण प्रत्येक कामाने "मी यावेळी झालो" असा आपला बिट लावला असेल तरच. लेव्हल वाचली, रिले बघितला, जीएसएम बघितलं, तिन्ही बिट लागले, थोपट, बिट पुसा, पुढचा फेरा.

काही जुन्या नॅनो बोर्डांवर एक सापळा आहे. वॉचडॉगने रीसेट केल्यावर तो चालूच राहतो, आणि तेही सगळ्यात कमी वेळेवर, पंधरा-सोळा मिलिसेकंद. जुना बूटलोडर (तुमच्या कोडच्या आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम) तो बंद करत नाही, त्यामुळे तुमचा कोड सुरू व्हायच्या आत परत रीसेट, परत रीसेट, दिवा नुसता फडफडत राहतो. त्या बोर्डांवर ऑप्टिबूट हा बूटलोडर टाका.

रीसेटच्या वेळी रिलेचं काय होतं हे नक्की बघा. स्वस्तातली रिले मोड्यूल्स बहुतेक उलटी चालतात, पिन लो (शून्य व्होल्ट) केली की रिले ओढतो. आता सगळे आधी पिनमोड आउटपुट लिहितात आणि नंतर डिजिटलराइट हाय. या दोन ओळींच्या मध्ये पिन लो असते, आणि मध्येच एलसीडी सुरू करायच्या ओळी आल्या तर तेवढा वेळ रिले ओढलेला. तो रिले स्टार्टरच्या हिरव्या बटणाला समांतर जोडलेला असतो, त्याला तेवढंच पुरतं, मोटर चालू. क्रम उलटा करा, आधी हाय लिहा मग आउटपुट करा, एवढंच. लाल बटणाच्या बाजूचा रिले असा जोडा की डबा मेला तर मोटर बंद पडेल, आणि शेजारी एक बायपास स्विच ठेवा, नाहीतर डबा बंद पडल्यावर ऐन पाण्याच्या पाळीला काका तो उपटून बांधावर ठेवतील. ४४० व्होल्टच्या बाजूचं काम वायरमनकडूनच करून घ्या, तिथे हौस नको.

व्होल्टेज पडताना चिप वेड्यासारखी वागते, म्हणून ब्राउनआउट डिटेक्टर असतो, ठरावीक व्होल्टेजच्या खाली तो चिपला रीसेटमध्येच धरून ठेवतो. उनोवर तो २.७ व्होल्टवर लावून येतो, आणि १६ मेगाहर्ट्झला चिपला त्यापेक्षा बरंच जास्त लागतं, म्हणजे मधल्या पट्ट्यात ती काहीही करू शकते, ईईप्रॉमवर कचरा लिहिणं धरून. प्रोग्रॅमर असेल तर फ्यूज (चिपची सेटिंग) बदलून ४.३ वर घ्या.

ईईप्रॉमचं आयुष्य एका जागेला १ लाख वेळा लिहिण्याचं. मोटर किती मिनिटं चालली ते दर मिनिटाला एकाच जागी लिहिलंत तर दिवसाला १४४० वेळा, ६९ दिवसांत कोटा संपला. म्हणून आठ आठ बाइटचे रेकॉर्ड करायचे, १०२४ बाइटमध्ये १२८ बसतात, दरवेळी पुढच्या जागी लिहायचं, शेवटी पोचलं की परत पहिल्यापासून. तेच ६९ दिवस आता चोवीस वर्षं झाले. प्रत्येक रेकॉर्डमध्ये चढता क्रमांक आणि सीआरसी (रेकॉर्ड शाबूत आहे का ते तपासायचा आकडा) ठेवा, सुरू होताना ज्याचा सीआरसी जुळतो त्यातला सगळ्यात मोठ्या क्रमांकाचा घ्या. लिहिता लिहिता लाइट गेली तर तो एकच रेकॉर्ड खराब, त्याच्या आधीचा शाबूत.

टेबलावर आणि फोनवर

पिन आणि सेन्सरचा कोड एका फाइलीत, "पाणी इतकं, व्होल्टेज इतकं, आत्ता इतके वाजले, तर मोटर चालू की बंद" हा निर्णय दुसऱ्या फाइलीत, त्या दुसरीत आर्डुइनोचं काहीच नाही. मग ती लॅपटॉपवर कंपाइल होते, सॅनिटायझर (चालताना चुका पकडणारी कंपायलरची सोय) लावून, हजारो खोटे दिवस दोन सेकंदांत पळवता येतात. पण माझी ती ६० गुणिले १००० वाली चूक लॅपटॉपवर कधीच दिसली नसती, तिथे इंट बत्तीस बिटचा आहे. म्हणून लॅपटॉपवर हिरवं आलं तरी वॉर्निंगचं काम बोर्डाच्या कंपायलरकडूनच करून घ्यायचं. आणि टेस्टसाठी आकडे बदलायचेच असतील तर घड्याळ पळवा, आकडा नका बदलू, म्हणजे जो कोड टेस्ट झाला तोच विहिरीवर जाईल.

शेवटचं म्हणजे असर्ट. फंक्शनच्या सुरुवातीला जे खरं असलंच पाहिजे ते तपासायचं, खोटं निघालं तर मोटर बंद, ईईप्रॉममध्ये नोंद, रीसेट. पण पूर्ण वाक्यात एरर लिहायला फ्लॅश कुठे आहे. टायनीओएसच्या मेमरी-सुरक्षित आवृत्तीत २००७ साली याची छान सोय होती, चिपवर फक्त एक छोटा आकडा, आणि त्या आकड्याचा अर्थ, फाइल, ओळ, सगळं पीसीवरच्या यादीत. मी तेच केलंय, एक बाइटचा नंबर, सुरू होताना लाल दिवा तितक्या वेळा लुकलुकतो. रीसेट कशामुळे झाला हे पण त्यात येतं, एमसीयूएसआर रजिस्टरमध्ये पॉवरचा, ब्राउनआउटचा, वॉचडॉगचा बिट वेगवेगळा असतो, फक्त तो पुसला जायच्या आत वाचून ठेवायचा. यादी डब्याच्या झाकणाच्या आत चिकटवली आहे आणि एक कॉपी माझ्या फोनमध्ये. परवा काकांचा फोन आला, "सात येळा लुकलुकला बघ." सात म्हणजे खालच्या सेन्सरकडून हजार वेळा विचारून उत्तर नाही. म्हटलं काका, पाइपच्या मागची वायर बघा जरा. उंदीरच होता.